जरा सेल्फ मारून बघा

पुण्यात चारचाकी दोन कारणांसाठी घेतात. एक म्हणजे चालवायला. पण तसं बहुधा बाहेरगावाहून आलेले लोक करतात. मूळच्या माणसाला गाडी हवी असते ती असावी म्हणून. त्याचं रोजचं सगळं दुचाकीवर भागतं. भाजी, बँक, ऑफिस, मुलांचे क्लास, फार काय, मिक्सर दुरुस्तीला नेणंसुद्धा. चारचाकी काढायची म्हणजे लक्ष्मी रोडला लावायची कुठे हा पहिला प्रश्न, आणि परत येईपर्यंत आपल्या जागेवर कुणी लावली तर, हा दुसरा. त्यापेक्षा ती कव्हर घालून पार्किंगमध्ये बरी. लग्नकार्य, कोकण आणि पहाटेच्या गाडीने येणारे पाहुणे एवढ्यापुरतंच कव्हर निघतं. मग सात-आठ वर्षांनी गृहस्थ कौतुकाने सांगतात, "रनिंग फक्त अठरा हजार. सीटची प्लास्टिकं अजून काढलेली नाहीत." ऐकणारे माना डोलावतात. हे कौतुक जिच्या जिवावर चाललेलं असतं, त्या बॅटरीला कुणी विचारलेलं नसतं.

गाडी बंद करून किल्ली खिशात टाकली की आतलं सगळं झोपी जातं, अशी एक समजूत आहे. पूर्वी बरंचसं झोपतही असे. हल्ली घड्याळ चालू असतं, चोर येईल म्हणून अलार्म जागा असतो, मालक रिमोट कधी दाबतोय याची वाट बघत रिसीव्हर बसलेला असतो आणि इंजिनाचा संगणक स्वतःची आठवण जपत असतो. या मंडळींचा एकत्रित खर्च धडधाकट गाडीत ५० मिलिअँपिअरच्या आत असावा, असं मेकॅनिक मानतात. आपण ४० धरू. दिवसाला जवळजवळ १ अँपिअर-अवर झाला. लहान गाडीची बॅटरी असते साधारण ३५ अँपिअर-अवरची. ती काठोकाठ भरलेली होती असं समजलं (उभ्या गाडीची कधीच नसते), तरी तीन आठवड्यांत निम्म्याहून जास्त संपली. उरलेल्यात घड्याळ चालेल, इंजिन फिरेलच असं नाही.

आता दुसरा हिशेब. गाडी चालू करताना स्टार्टर मोटर दीडशे अँपिअर तरी ओढते. आकडा ऐकून माणूस दचकतो आणि घरच्यांना बजावतो, "सारखी चालू-बंद करू नका, बॅटरी उतरेल." पण हा दीडशेचा मामला दोन सेकंदांचा. अँपिअर-अवरमध्ये काढला तर ०.१ सुद्धा भरत नाही. एकदा चालू करायला जेवढं लागतं, त्याच्या दसपट गाडी नुसती दिवसभर उभी राहून खाते. हा हिशेब मी आमच्या सोसायटीत मांडून पाहिला. "म्हणजे पेट्रोल जाळत उगाच हिंडायचं का?" असं कुणीतरी विचारलं आणि विषय पाण्याच्या टँकरवर गेला.

बॅटरी गेल्याचं कळतं ते मुहूर्ताच्या आधी पाऊण तास. मालक कुर्त्यात, मालकीणबाई पैठणीत, मागच्या सीटवर आत्या आहेराची पाकिटं मोजत बसलेल्या. किल्ली फिरते. इंजिन एकदा कण्हतं. मग टक. मग टक-टक-टक-टक, आणि डॅशबोर्डवरचे सगळे दिवे त्या ठेक्यावर मिचमिचू लागतात. त्यात गूढ काही नाही. स्टार्टरवरचा सोलेनॉइड ओढला जातो, तेवढ्या भाराने व्होल्टेज कोसळतं, म्हणून तो सुटतो, व्होल्टेज सावरतं, तो पुन्हा ओढला जातो. मालकाने किल्ली सोडली तर हे थांबेल. पण मालक सोडत नाही. प्रत्येक खेपेला उरलीसुरली धुगधुगी संपवत तो म्हणतो, "आत्ता होईल. परवापर्यंत चालू होती." ही परवा म्हणजे गणपतीतली.

टकटक पार्किंगमध्ये फार लांबवर ऐकू जाते. पहिला येतो वॉचमन. तो म्हणतो, "साहेब, बॅटरी उतरली." पुढच्या तासाभरात याहून अचूक निदान कुणी करणार नसतं, पण ते वॉचमनने केलेलं असल्यामुळे धरलं जात नाही. मग बी विंगमधून एक जण येतो. त्याच्या मते पेट्रोल ओव्हरफ्लो झालंय. दुसरा म्हणतो पंप. तिसरा येतानाच बाह्या सरसावून येतो आणि "बॉनेट उघडा" म्हणतो. बॉनेट उघडल्यावर सगळे ओणवे होऊन आत बघतात. काय बघायचं ते कुणालाच ठाऊक नसतं, पण अशा वेळी न बघणं बरं दिसत नाही. मग एक जण मालकाला सांगतो, "जरा सेल्फ मारून बघा." टक-टक-टक. "हं," असं म्हणून सगळे पुन्हा ओणवे होतात.

एवढ्यात नाना उतरतात. नाना वीज मंडळातून निवृत्त झालेले आहेत, त्यामुळे १२ व्होल्टपासून २२० किलोव्होल्टपर्यंतची सगळी वीज हा त्यांना घरचा विषय वाटतो. मल्टिमीटर त्यांच्याकडे स्वतःचा आहे आणि तो ते चष्म्याच्या जुन्या घरात ठेवतात. लाल टोक प्लसला, काळं मायनसला. "बारा दाखवतंय!" बी विंगवाला आनंदाने ओरडतो. "बाराची बॅटरी, बारा व्होल्ट. बॅटरी ओक्के आहे!"

नाना त्याच्याकडे बघतात. "आत सेल किती?"

"किती?"

"सहा. एकेक २.१ चा. गुणाकार कर. भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी. बारा म्हणजे तळाला चतकोर. आणि हे नुसतं उभ्या-उभ्या. आता सेल्फ मारा हो." काटा... म्हणजे आकडा, नानांच्या तोंडी अजून काटाच आहे... सातावर येतो. "बघ. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाता कामा नये. संपली." एवढं बोलून नाना वायरी गुंडाळू लागतात. वॉचमन काही न बोलता गेटकडे जातो.

निदान झालं की आरोपी लागतो. तो तयारच असतो: पहाटे गाड्या पुसायला येणारा पोऱ्या. त्याने दार नीट लावलं नसणार, आतला दिवा रात्रभर जळला असणार. यात तथ्य असू शकतं. पाच वॅटचा दिवा ०.४ अँपिअर घेतो, बारा तासांत पाच अँपिअर-अवर घालवतो. पण पाचाने गाडी मरत नाही; आधीच अर्धमेली असेल तर मरते. हेडलाइट राहिले तर गोष्ट वेगळी. दोन हेडलाइट मिळून नऊ अँपिअर. चार तासांत खेळ खलास. आमच्याकडे एकदा अशीच पोऱ्याची उलटतपासणी चालली असताना नानांनी समोरच्या काचेवरचा लुकलुकणारा ठिपका दाखवला. डॅशकॅम, पार्किंग मोडसकट. गाडी कुणी चोरू नये म्हणून रात्रंदिवस जागून त्याने समोरच्या खांबाचं चित्रीकरण केलं होतं. पोऱ्याची माफी कुणी मागितली नाही. "पण दार तू जोरातच लावतोस" एवढं त्याला सुनावण्यात आलं.

दसरा हा बॅटरीचा घातवार. सकाळी गाडी धुवायला काढतात. चारही दारं उघडी, डिकी उघडी, पायपुसणी कट्ट्यावर, आणि कामाला उत्साह यावा म्हणून किल्ली अर्धी फिरवून गाणी लावलेली. दोन तास हे चालतं. मग झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. लिंबू चिरडायला गाडी फूटभर पुढे घ्यायची असते, आणि त्या फूटभरासाठी ती चालू होत नाही. मग चार जण ढकलतात. लिंबू फुटतं. गाडीचं वर्ष सुरू होतं.

ढकलण्यावरून आठवलं. गाडी चालू करायला माणसाचं बळ लागणं यात आपल्या आधीच्या पिढीला काही अपमान वाटत नसे. अँबॅसिडरला हँडल असायचं. ते समोरून खुपसून फिरवायचं, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट जायचं. १९१२ साली चार्ल्स केटरिंगने कॅडिलॅकमध्ये विजेवरचा स्टार्टर आणला तेव्हा ही हँडलगिरी संपायला लागली. बायकांच्या हाती गाडी येण्यात त्या स्टार्टरचा मोठा वाटा होता. त्याआधी हँडल फिरवायला बाप्या माणूस शोधावा लागे. बॅटरी मात्र तेव्हाही जुनीच होती. शिशाचे पत्रे सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी गास्तों प्लाँते या फ्रेंच माणसाने १८५९ साली केली, आणि आजच्या गाडीत सरकत जाणारं सनरूफ, सात इंची पडदा, सहा एअरबॅगा असा सगळा जामानिमा असला तरी तो उठवायला अजून तेच शिसं आणि तेच अ‍ॅसिड लागतं.

धक्का स्टार्ट अजूनही होतं, पण अटी वाढल्यात. गिअरची गाडी हवी. किल्ली ऑन, क्लच दाबलेला, गिअर दुसरा. गाडीने वेग घेतला की क्लच झटक्यात सोडायचा. हे ज्याला जमतं तो ज्येष्ठ नागरिक बहुधा धक्का मारणाऱ्यांत असतो, आणि स्टिअरिंगवर ज्याने हे कधी पाहिलेलंही नाही असा नातू. शिवाय नव्या गाडीत इंधनाचा पंप आणि संगणक चालण्यापुरती तरी वीज हवी. बॅटरी पार ठार असेल तर कात्रजच्या उतारावरून सोडली तरी काही होणार नाही. आणि ऑटोमॅटिक असेल तर धक्क्याचं नावच नको. तरीही ऑटोमॅटिकला धक्का मारणारे लोक मी पाहिलेत. गाडी चालू झाली नाही, पण व्यायाम झाल्याचं समाधान चेहऱ्यावर होतं.

ऑटोमॅटिकची खरी मजा दुमजली पार्किंगमध्ये. जागा कमी म्हणून बिल्डरने लोखंडी पाळणे दिलेत. एक गाडी खाली, दुसरी तिच्या डोक्यावर. वरची उतरवायची तर आधी खालची बाहेर काढावी लागते. एका पहाटे वरच्याला लोहगाव विमानतळावर जायचं होतं आणि खालच्याने कळवळून कळवलं की गाडी चालू होत नाही. ढकलून काढू म्हणावं, तर गिअर P मध्ये अडकलेला. बॅटरी नाही म्हणजे तो हलतच नाही. गिअरच्या बाजूला एक छोटं झाकण असतं, ते उचकटून आत किल्लीने दाबलं की कुलूप सुटतं. हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात, कंपनीच्या प्लास्टिकात, न फोडलेली. ती फोडली. झाकण सापडलं, गिअर सुटला. मग पाळण्याच्या कडेचा बोटभर उंचवटा. "एक, दोन, तीन" म्हणत सहा जण लागले तेव्हा पुढची चाकं उतरली. वरचा गृहस्थ आधीच रिक्षाने गेला होता ते बरंच झालं, कारण तोपर्यंत त्याचं विमान उडालेलं होतं. हल्ली तो दर रविवारी खालच्याच्या दाराची बेल वाजवून विचारतो, "काका, गाडी फिरवून आणलीत ना?" मुलगाही इतकी चौकशी करत नाही, असं काका सांगतात.

जंपर केबल ही वस्तू प्रत्येक सोसायटीत एकाकडे असते, आणि ती त्याच्या गाडीच्या डिकीत असते. डिकी पुष्कळ गाड्यांत विजेवर उघडते. तेव्हा केबलवाल्याचीच बॅटरी गेली असेल तर आधी रिमोटमधली लपवलेली किल्ली काढायची, पुढचं दार हाताने उघडायचं, मागची सीट पाडायची आणि घरातल्या सर्वांत बारीक व्यक्तीला आत सरपटत सोडायचं. एकाने यावर उपाय म्हणून लिथियमचा छोटा जंप स्टार्टर मागवला. चांगली वस्तू आहे. दर दोन-तीन महिन्यांनी चार्ज करायची असते. वेळ आली तेव्हा तिचीच बॅटरी शून्यावर होती.

केबल मिळाली की गाडी मिळत नाही. "माझ्यात सेन्सर आहेत हो," असं म्हणून नव्या गाडीवाले मागे सरकतात. शेवटी एखादी पंधरा वर्षांची मारुती पुढे येते. दोन्ही गाड्या तोंडाला तोंड लावून, पण एकमेकींना न टेकता उभ्या करायच्या. आता लाल-काळ्याचा क्रम, आणि इथे मात्र थट्टा नको. लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, त्याचं दुसरं टोक भरलेलीच्या प्लसला. काळा भरलेलीच्या मायनसला. आणि शेवटचा काळा मेलेल्या बॅटरीला लावायचाच नाही. तिच्यापासून लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावायचा. शेवटचं टोक टेकताना ठिणगी उडते आणि बॅटरीच्या आसपास हायड्रोजन असू शकतो. प्लस-मायनस उलटं झालं तर फ्यूज जातात, अल्टरनेटर जातो, आणि सोसायटीतले संबंधही. मारुती चालू ठेवून पाच मिनिटं थांबायचं, मग सेल्फ. काढताना उलट क्रमाने. नाना हे सगळं "लाल, लाल, काळा, लोखंड" असं मोठ्याने म्हणत करतात. आजूबाजूचे सगळे तेवढा वेळ चार पावलं मागे उभे असतात. नाना सांगतात म्हणून नव्हे. मघाशी त्यांनी अ‍ॅसिडचा विषय काढलेला असतो.

गाडी चालू होते. टाळ्या पडतात. आत्या आतच बसलेल्या असतात, त्या उतरलेल्याच नसतात. "आता मध्ये कुठे बंद करू नका," नाना बजावतात आणि गाडी निघते. निघाल्यावर मालकाच्या लक्षात येतं की पेट्रोलचा पिवळा दिवा लागलाय. उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकी भरून कोण ठेवतं?

पंपावर पाटी: इंजिन बंद करा. नळी हातात घेतलेला मुलगा तेच म्हणतो. मालक काच खाली करून म्हणतो, "बंद केली तर चालू होणार नाही." मुलगा म्हणतो, "चालू ठेवली तर पेट्रोल मिळणार नाही." दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मागे नऊ गाड्या हॉर्न देत. मालक म्हणतो, "पाचशेचंच टाक, पटकन." मुलगा नळी जागेवर ठेवतो. त्याला नियम माहीत आहे आणि घाई नाही. पैठणीतून आवाज येतो, "अहो, करा ना बंद, मुहूर्त गेला तरी जेवण असेल." गाडी बंद होते. पाचशेचं पेट्रोल पडतं. टक-टक-टक. दोन किलोमीटरमध्ये बॅटरीत जे जमा झालं, ते पुरत नाही. मग पंपावरची तीन मुलं, मागच्या रिक्षाचा चालक आणि पैठणी खोचून मालकीणबाई असे सगळे मागे लागतात. या खेपेला दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हिसका देऊन उठते. दहा मीटर पुढे जाऊन थांबते ती मालकीणबाईंना घ्यायला. आत्या विचारतात, "आलं का कार्यालय?"

एकदा जंप देऊन गाडी चालू झाली की मालकाला वाटतं, काम झालं. तो घरी येऊन कव्हर घालतो. अल्टरनेटर इंजिन चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास देतो हे खरं, पण पार रिकामी बॅटरी कार्यालयापर्यंतच्या खेपेत भरत नाही. ती चार्जरवर रात्रभर लावावी लागते. तशी रिकामी ठेवली तर आतल्या पत्र्यांवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात आणि पुढे कितीही भरा, घ्यायची तेवढी घेत नाही. उन्हाळा तर तिचं आयुष्य आतून खातोच. एप्रिल-मेमध्ये केलेला घात डिसेंबरात पहाटे उघडकीस येतो आणि लोक दोष थंडीला देतात.

मग बॅटरीवाला येतो. तो स्कूटरवर येतो, नवी बॅटरी दोन पायांच्या मध्ये फूटबोर्डवर, वर गोणपाट. बॉनेट उघडून तो आधी काही बोलत नाही. टर्मिनलवर निळसर-पांढरी भुकटी साठलेली असते, तिच्यावर घरातून मागवलेलं गरम पाणी खाण्याचा सोडा घालून ओततो. भुकटी फसफसते आणि निघून जाते. मग दोन जाड टोकांचा टेस्टर लावून भार टाकतो आणि म्हणतो, "सेल गेलाय एक." सहातला एक गेला की उरले साडेदहा, पुढे बोलणं नको. वॉरंटी कार्ड काढलं जातं. कार्डावर महिने पंचावन्न असतात, पण फुकट बदलून मिळायचे महिने नेमके गेल्या महिन्यात संपलेले असतात. पुढचे सगळे प्रो-राटा, म्हणजे थोडक्यात नवी घ्या. "जुनी द्या, हजारभर कमी करतो." इथे मालक जुनी ठेवून घेण्याचा विचार करतो. इन्व्हर्टरला होईल, काहीतरी होईल. ती देऊन टाकावी. आतलं शिसं वितळवून पुन्हा बॅटरीतच जातं. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून नीट मार्गी लावायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. गॅलरीत कुंड्यांच्या मागे ठेवून त्यातलं काहीच होत नाही. जाताना बॅटरीवाला टर्मिनलला व्हॅसलीन चोपडतो आणि सांगतो, "आठवड्याला अर्धा तास फिरवत जा. नुसती जागेवर चालू करू नका."

हे शेवटचं वाक्य सी विंगमधल्या अप्पांना उद्देशून असावं. अप्पांचा मुलगा मिनेसोटात असतो. त्याची गाडी इथे असते. तो डिसेंबरात तीन आठवडे येतो, आणि त्या तीन आठवड्यांसाठी अप्पा उरलेलं वर्ष ती गाडी सांभाळतात. दर रविवारी सकाळी ते कव्हर काढतात, चालू करतात, आणि आत बसून पेपर वाचतात. पुरवण्यांसकट नाही, अग्रलेखापर्यंत. उकडतं म्हणून एसी. शांत वाटतं म्हणून रेडिओ. दहा मिनिटांनी बंद करून ते वर जातात. आठवडाभरात गाडीने सहा-सात अँपिअर-अवर खाल्लेले, इंजिन मंद चालवून दहा मिनिटांत फार तर दोन-तीन परत येणार, त्यात एसी आणि रेडिओचा वाटा. म्हणजे अप्पांच्या प्रत्येक रविवारी बॅटरी थोडी आणखी खाली. मुलगा फोनवर हसतो. त्याच्याकडे उणे वीसमध्ये इंजिन गरम राहावं म्हणून गाडीला रात्री प्लग लावतात. "तुमच्याकडे काय होतंय बॅटरीला?" अप्पा म्हणतात, "उन्हाळा." आणि ते बरोबरही असतं.

नानांनी अप्पांना दोन उपाय सांगितले. महिनाभर गाडी हलणार नसेल तर टर्मिनल काढून ठेवा. दहा नंबरचा पाना, आधी मायनस. आधी प्लस सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर जाळ. लावताना मायनस शेवटी. अप्पांनी तसं केलं. रिमोट चालेना, घड्याळ बारावर आलं, रेडिओ सगळी स्टेशनं विसरला. रविवारच्या पेपरची सोय गेली हे ते बोलले नाहीत, पण पुढच्या आठवड्यात टर्मिनल परत लागलं होतं.

दुसरा उपाय, मेंटेनर. हा हुशार चार्जर बॅटरी भरली की आपणहून हात आखडता घेतो. महिन्याला फार तर पाच-सात युनिट. पण त्याला पार्किंगमध्ये प्लग पाहिजे, आणि पार्किंगमधली वीज कॉमन मीटरवर. सर्वसाधारण सभेत ठराव आला. एकाने विचारलं, "आज बॅटरी, उद्या ओव्हन लावला तर?" दुसऱ्याचं म्हणणं, ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना तेवढ्या रकमेची सूट द्या. चेअरमननी उपसमिती नेमली. उपसमितीने जागा पाहिली, भिंतीवर खडूने खूण केली. खडूची खूण आहे.

या सगळ्यात ए विंगमधला तरुण लांबूनच हसत असे. त्याने विजेवरची गाडी घेतली होती. पोटात तीस युनिटची बॅटरी, ना स्टार्टर, ना पेट्रोल, ना अल्टरनेटर. "काका, हे सगळं जुनं झालं." तो महिनाभर ट्रेनिंगला गेला आणि परत आल्यावर त्याच्या गाडीचं दार उघडेना. मोठी बॅटरी जवळजवळ भरलेली होती. पण तिला मोटरशी जोडणारे रिले चालतात एका छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. दारं, पडदा, संगणकही तिच्यावरच. ती छोटी उतरली होती. नाना चष्म्याचं घर घेऊन आले. "११.४," ते म्हणाले. "प्लाँते."

पंधरा वर्षांची मारुती पुन्हा पुढे आली. लाल, लाल, काळा, लोखंड. गाडी जागी झाली, पडदा उजळला, एका बाईने इंग्रजीत स्वागत केलं. तरुणाने सगळ्यांचे आभार मानले आणि म्हणाला, "पुढच्या वेळी तुमची बंद पडली तर मला हाक मारा, माझ्याकडे तीस युनिट आहेत." नानांनी त्याच्याकडून पुस्तिका मागून घेतली. तिच्यात स्पष्ट छापलं होतं, बऱ्याच कंपन्या छापतात, की या गाडीला दुसऱ्या गाडीकडून जंप घेता येतो, पण या गाडीने दुसऱ्या कुणाला देऊ नये.

"ही सोय," पुस्तिका परत देत नाना म्हणाले, "आपल्या सोसायटीत काही जणांना आधीपासूनच आहे."